कळण्याच्या भाकरीएवढं वावर

पत्र असं आहे:

"माई, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातली. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगा सहा वर्षांचा आहे. नवरा सुरतला उधन्यात कामाला आहे, आखाजीला आणि दिवाळीला येतो. घरी मी, सासूबाई आणि सासरे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. जमीन साडेतीन एकर. दोन एकर काळी, विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी असतं. दीड एकर बरड. अडीच एकर कपाशी आणि एक एकर मका असतो. दारात बैलजोडी आणि एक गाय आहे. मागच्या भादव्यात कपाशी फवारताना वारा फिरला आणि आबा बांधावरच बसले. रात्रभर उलट्या, दोन दिवस डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हापासून त्या औषधांवरून माझं मनच उडालंय. बचत गटाकडून मी दोन दिवसांचं प्रशिक्षण केलं. तिथे सांगितलं, एका देशी गाईच्या शेण-गोमूत्रावर ३० एकर होतात, खर्च शून्य, पुण्या-मुंबईला दुप्पट भाव. मी दोन ड्रम आणून ठेवलेत. या मृगापासून साडेतीन एकर पूर्ण विषमुक्त करायचं ठरवलंय. आबा एकच म्हणतात, 'वावरले उपाशी ठेईसन पीक येत नही, पोरी.' नवरा म्हणतो, तुमचं तुम्ही ठरवा. मी काय करू? आणि पिकलं तर घेईल कोण?"

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून वाटलं, 'शाब्बास, कर' एवढं लिहून पाठवून द्यावं. दुसऱ्यांदा त्या 'साडेतीन एकर पूर्ण'पाशी अडखळले. म्हणून आधी तेच सांगते. या मृगाला एकच एकर घे. काळ्यातलं घे, गोठ्याला जवळ पडेल असं. बाकीचं यंदा आबांकडे राहू दे.

लोक उलटं करतात, बरडातलं वावर 'विषमुक्त'ला सोडतात. तिथे तसंही काही येत नव्हतं, म्हणून दिलं, असा मामला असतो. मग तिथे आलं नाही की गावभर बोभाटा होतो, बघा, खताशिवाय पिकत नाही. तू तसं करू नकोस. चांगलं एकर घे. दुसरं एक बघ, वरच्या अंगाने शेजाऱ्याच्या वावरातलं पाणी वाहून येतं असा तुकडा नको. त्याची औषधं तुझ्याकडे चालत येतील.

आता आबांचं ते वाक्य. तू ते हट्टी म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून लिहिलंयस, पण त्यात चोख हिशेब आहे. काढून दाखवते.

एक जनावर दिवसाला साधारण १० किलो शेण टाकतं. तुझ्या तिघांचं झालं ३० किलो, वर्षाचं ११ टनांच्या घरात. त्यातलं काही चरायला गेल्यावर शिवारात पडतं, काहीच्या सासूबाई गोवऱ्या थापत असतील, काही सारवायला जातं. ७ टन हाताशी लागलं तरी पुष्कळ. ते कुजून निम्मं होतं, साडेतीन टन. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र असतं अर्धा टक्का, म्हणजे टनाला ५ किलो. सगळं मिळून झालं १७-१८ किलो. आता युरियाची गोणी घे. ४५ किलोची गोणी, तिच्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोच्या वर. तुझ्या अख्ख्या गोठ्याचं वर्षभराचं शेण नत्राच्या मापाने एका गोणीची बरोबरी करत नाही. त्यातही पहिल्या हंगामात पिकाला त्यातला तिसरा हिस्सा मिळाला तर मिळाला, बाकीचं पुढच्या वर्षांत हळूहळू सुटतं. आबा ओलिताच्या कपाशीला एकरी दोन-तीन गोण्या टाकत असतील. ते सगळं एका मृगात बंद करून साडेतीन एकरांवर हे साडेतीन टन पसरलंस, तर वावर खरंच उपाशी राहील.

मग शेणखत कशाला, असं विचारशील. युरिया पोट भरतो, पण जमिनीत काही मागे ठेवत नाही. शेणखत माती भुसभुशीत ठेवतं, पाऊस ओढला तरी चार दिवस जास्त ओल धरतं, गांडुळांना खायला देतं. ते सगळं एका एकरात घाल. एकरी साडेतीन टन पडलं तर फरक डोळ्यांना दिसेल. साडेतीन एकरांत टनटन टाकलंस तर कुठेच दिसणार नाही.

आणि ते दोन ड्रम. जीवामृत करायचंय ना? कर. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती. आम्हीही करतो. पण १० किलो शेणात नत्र असून असून किती असणार? जीवामृताला मी विरजण म्हणते. विरजण कितीही चांगलं असलं तरी भांड्यात दूध पाहिजे. इथे दूध म्हणजे वावरात कुजायला पडलेला पाला, कुटार, शेणखत. उघड्या, तापलेल्या, वखरून गुळगुळीत केलेल्या वावरावर ड्रममागून ड्रम ओतणाऱ्यांना मी पाहिलंय. विरजण वाया गेलं, दुसरं काय.

तुझा उकिरडा कसा आहे ते तू लिहिलं नाहीस, पण खानदेशातले उकिरडे मला माहीत आहेत. घरामागे, उन्हात, कोंबड्या उकरतायत, पावसात काळं पाणी गल्लीत वाहतंय. ते काळं पाणी म्हणजे तुझं खतच. यंदा एवढं कर, उकिरडा निंबाच्या नाहीतर बाभळीच्या सावलीत ने. थर लाव. एक थर काडीकचऱ्याचा, त्यावर शेणकाला, त्यावर थोडी माती, पुन्हा काडीकचरा. मूठ दाबली की हाताला ओल लागावी पण थेंब पडू नये, एवढंच पाणी. महिन्याने एकदा उलथापालथ. यवतमाळच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशी जाळीदार विटांची टाकी सांगितली, तीच आपली नाडेप. विटा नसल्या तरी चालतं, थर लावायची पद्धत तीच ठेव. तीन-चार महिन्यांत चहाच्या चोथ्यासारखं खत होतं, वास येतो पहिल्या पावसाचा. कच्चं शेण मात्र वावरात नेऊ नकोस. हुमणी आणि वाळवीला आवतण जातं, आणि गवताचं बी तर तू स्वतःच्या हाताने पेरतेस.

आता त्या एकरात काय लावायचं. कपाशी नको, मकाही नको. मका खादाड. कपाशीचं म्हणशील तर बाजारात मिळतं ते बहुतेक सगळं बियाणं बीटी, आणि जनुक बदललेल्या बियाण्याचं पीक सेंद्रिय म्हणून प्रमाणित होतच नाही, मग तू त्यावर एक थेंब औषध मारलं नाहीस तरी. प्रशिक्षणात हे सांगितलं होतं का? बहुतेक नसेल. पुढे दोन-तीन वर्षांनी कपाशी लावावीशी वाटली तर राहुरी विद्यापीठाच्या 'फुले धन्वंतरी'सारखी देशी वाणं आहेत, तेव्हा बोलू.

यंदासाठी तुझ्या चुलीकडे बघ. कळण्याची भाकरी कशाची असते? दादर, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, आणि अख्खा उडीद, वर खडा मीठ. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद, घराघरात थोडं इकडे-तिकडे. तीच तुझी पीकपद्धत. मृगात उडीद, तो निघाला की दादर. जुन्या लोकांनी भाकरीत बसवलेलं हे गणित फार हुशारीचं आहे. उडीद मुळांच्या गाठींत हवेतलं नत्र धरतो, म्हणजे तुझ्याकडे जे कमी आहे तेच तो स्वतःचं स्वतः आणतो. ६५ ते ७५ दिवसांत वावर मोकळं करतो. त्याचा पाला तिथेच गळतो. मागून दादर परतीच्या पावसाच्या ओलीवर येते, काळ्या जमिनीत तिला पाण्याची फारशी गरज नाही. दाणा माणसांना, कडबा जनावरांना. तो कडबा खाऊन जनावरं शेण देतात, म्हणजे फिरून आपण उकिरड्यावरच आलो. कपाशी हे करत नाही. कपाशीतून गोठ्याला काही मिळत नाही, चुलीला पऱ्हाट्या मिळतात तेवढंच.

उडदाला एकरी सहा-सात किलो बी लागतं. पेरण्याआधी रायझोबियम, म्हणजे मुळांवर त्या गाठी आणणारं जिवाणूखत, गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळ आणि सावलीत सुकव. उन्हात सुकवलंस तर चोळलं काय, न चोळलं काय. पिवळी पडलेली झाडं सुरुवातीला दिसली की उपटून काढ, तो केवडा रोग, पांढऱ्या माशीने पसरतो. आणि शेंगा काळ्या पडायला लागल्या की 'दोन दिवसांनी बघू' म्हणू नकोस. आपल्याकडे उडीद काढणीला आला की पावसाची झड हमखास लागते आणि शेंगेतच मोड येतात. मी असा एक हंगाम घालवलाय. पोळ्याच्या तयारीत दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी पाऊस, आणि सहा दिवसांनी शेंगा फोडल्या तर आत मोड आलेली उसळ.

दादरचं एक दुखणं तुला आधीच सांगून ठेवते, कारण प्रशिक्षणात कुणी सांगत नाही. पाखरं. पूर्वी अख्ख्या शिवारात दादर असायची, तेव्हा पाखरं वाटली जायची. आता सगळीकडे कपाशी-मका आणि मध्ये तुझं एकटं एकर. गावभरची पाखरं तुझ्याकडेच पंगतीला. दाणा दुधात आल्यापासून कडक होईपर्यंत सकाळ-संध्याकाळ राखण लागते. म्हणून पहिल्या वर्षी निम्म्यात दादर, निम्म्यात हरभरा कर, किंवा शेजारच्या वावरवाल्याला पटवून त्याच्याकडेही थोडी दादर पेरून घे. राखणीला आबांइतका चांगला माणूस मिळायचा नाही. त्यावर पुढे बोलते.

हरभऱ्याला घाटेअळी येईल. एकरात वीसेक ठिकाणी काठ्यांचे टी आकाराचे मचाण रोव, चिमण्या-साळुंक्या त्यावर बसून अळ्या टिपतात. म्हणजे बघ, एका वाफ्यात पाखरं हाकलायची आणि शेजारच्या वाफ्यात त्यांना बसायला पाट मांडायचा. शेती ही अशीच असते.

आता तुझ्या पत्रात अजिबात नसलेली गोष्ट. निंदणी.

'खर्च शून्य' म्हणतात ना, त्या शून्यात बाईची मजुरी धरलेली नसते. तणनाशक बंद केलं की गवत कमी होत नाही, फक्त ते काढायचं काम पंपाकडून बाईच्या कमरेकडे येतं. एका एकराची पहिली निंदणी चार बायांना दोन-तीन दिवस पुरते, गवताचा जोर असेल तर जास्तच. मग दुसरी. नवरा सुरतला, सासूबाईंचे गुडघे आणि तू एकटी. साडेतीन एकर घेतलं असतंस तर श्रावणात तू वावरातच राहिली असतीस आणि कानबाई देवी बसवायला घरी बाई उरली नसती. एकच एकर घे म्हणते त्याचं अर्धं कारण शेण आहे आणि अर्धं कारण हे.

गवताशी लढायचं ते पेरणीआधीच. पहिला चांगला पाऊस झाला की सगळे पाभर घेऊन धावतात. तू आठवडाभर थांब. गवत उगवू दे, हिरवी लव दिसू लागली की वखराची पाळी दे आणि मग पेर. गवताची पहिली फौज एका पाळीत जाते. ओळी सरळ ठेव, म्हणजे पंधरा-वीस दिवसांनी कोळपं चालतं. एक सायकल कोळपं घे, चाकाचं असतं, बाईलाही उभ्याने ढकलता येतं. ड्रमांआधी ते घ्यायला हवं होतंस. ओळींत उरेल तेवढंच खुरप्याने काढ, आणि काढलेलं गवत बांधावर फेकण्यापेक्षा बी धरायच्या आत तिथेच ओळीत पसर.

आणि निंदणीची गोष्ट आत्ताच घरात बोल. उन्हाळ्यात, जेवताना. 'गवत काढायला एवढे दिवस लागतील, त्या दिवसांत स्वयंपाक कोण करेल, पोराला शाळेत कोण सोडेल.' नवऱ्यालाही फोनवर सांग की निंदणीच्या मजुरीचे पैसे त्याने पाठवायचे. 'तुमचं तुम्ही ठरवा' हे फुकटचं वाक्य आहे, त्याला थोडा खर्च पडू दे.

कीड-रोगावर थोडक्यात सांगते. निंबोळ्या जमव. जूनमध्ये निंबाखाली सडा पडतो, पोराला घेऊन दोन पाट्या भर, गर धुऊन बिया सावलीत वाळव. ५ किलो बियांची भरड रात्रभर दहाएक लिटर पाण्यात भिजत घाल, सकाळी फडक्यातून पिळ, २०० ग्रॅम साबणाचं पाणी मिसळ आणि सगळं १०० लिटर कर. उन्हं कलल्यावर फवार, उन्हात त्याचा गुण जातो. हा अर्क अंडी आणि बारक्या अळ्यांवर चालतो. बोटाएवढी झालेली अळी त्याला भीक घालत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा वावरात नुसतं फिरायला जा. पान उलटून बघायचं.

बाजारातल्या 'जैविक' बाटल्यांपासून मात्र दूर राहा, निदान जिच्यावर आत काय आहे आणि परवाना क्रमांक काय ते छापलेलं नाही तिच्यापासून. आमच्याकडे एकदा अशी बाटली आणली होती. दुकानदार म्हणाला, शंभर टक्के वनस्पतीजन्य, माई, डोळे झाकून मारा. मारली. तासाभरात मावा काळा पडून गळाला. आमचे हे खूश. संध्याकाळी मी बांधावर गेले तर तुरीच्या फुलांखाली मधमाश्या उताण्या पडलेल्या, काही अजून पाय हलवत होत्या. झाडपाल्याच्या अर्काने तासाभरात असं होत नसतं. त्या बाटलीत काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. दुकानदाराने हात वर केले.

भाजीपाल्याची हौस असेल तर घराजवळ दोन गुंठे परसबाग कर. गवार, चवळी, अंबाडी, गिलकी, मेथी. भरताची वांगी घरापुरती पंधरा-वीस झाडं बस्स. भरताचं वांगं विषमुक्त पिकवून विकायचं हे खानदेशातलं सगळ्यात गोड स्वप्न आहे. मीही २० गुंठ्यांत ते बघितलं आणि निम्म्या वांग्यांत अळी निघाली. वांग्याला शेंडा पोखरणारी अळी लागते. सकाळी गेलीस की एखादा शेंडा मान टाकलेला दिसेल, पाणी असूनही. तो खाली चिरलास तर आत गुलाबीसर अळी सापडते. असे शेंडे दर दोन-तीन दिवसांनी कापून पिशवीत घालून आणायचे आणि चुलीत टाकायचे. वीस झाडांचं हे होतं, वीस गुंठ्यांचं एकटीने होत नाही.

आता आबा.

त्यांच्याशी 'तुम्ही आम्हाला विष खाऊ घालता' या सुरात बोलली असशील तर ते सोड. त्या माणसाने त्या पंपाखाली स्वतःची पाठ वाकवलीय, आणि अंधारी आली तीही त्यांनाच. त्यांच्याकडून दोन गोष्टी माग. एक, दादरचं जुनं बी कुणाकडे मिळेल ते. या वयाच्या माणसाला ते बरोबर माहीत असतं, कुठल्या गावात कुठल्या घरी, कोठीत राखेत ठेवलेलं आहे. दुसरं, उडीद पेरायला पाभर ते धरतील का. ज्याने पाभर धरली त्याचं ते वावर होतं, मग राखण सांगावी लागत नाही.

बाकीच्या अडीच एकरांत यंदा त्यांची कपाशी-मका चालू दे, युरियासकट. घराचा पैसा तिथून येतो आणि पोराची शाळा त्याच्यावर आहे. पहिली दोन-तीन वर्षं विषमुक्त वावरात उतारा खाली येतोच, तेवढा धक्का एका एकराचा सोसतो. पण फवारणीच्या बाबतीत माघार घेऊ नकोस. इथे तू हट्ट कर. कीड असो-नसो, ठरल्या वारी फवारायचं ते बंद. कपाशीत ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे, मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे, लाव आणि रोज सकाळी पतंग मोज. एका सापळ्यात रात्रीत ८ पतंग आणि असं सलग तीन रात्री झालं, तरच गुलाबी बोंडअळीसाठी औषधाचा विचार. बाटलीवरचा त्रिकोण बघायचा. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल त्रिकोण घरात येणार नाही, हे आबांकडून कबूल करून घे. दोन-तीन औषधं एका पंपात कालवायची नाहीत, सगळा शिवार करत असला तरी. वाऱ्याच्या उलट चालायचं नाही, अंगभर कपडे, हातमोजे, तोंडाला मास्क, आणि मधल्या वेळेत तंबाखू मळायची नाही. हे शेवटचं तूच सांग, माझं कुणी ऐकत नाही. पुन्हा कधी तसं झालं तर रात्र काढायची नाही. बाटली सोबत घेऊन थेट दवाखान्यात, डॉक्टरला नाव वाचता आलं पाहिजे. आणि कपाशी डिसेंबरअखेर मोडायची, फरदड नाही, म्हणजे तीच कपाशी पाणी देऊन पुढे लांबवायची नाही. पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर पावसाळ्यापर्यंत ठेवला की बोंडअळी तिथेच मुक्काम करते.

तुझ्या एकराच्या कडेला, आबांच्या कपाशीच्या अंगाला, तुरीच्या दोन-तीन दाट ओळी लाव. फवारा उडून आला तर तिथे अडेल. त्या ओळींतली तूर विषमुक्त म्हणून विकायची नाही, ती वेगळी ठेव.

पोराची एक जुनी वही घे. डाव्या पानावर तुझं एकर, उजव्या पानावर आबांच्या कपाशीतलं एक एकर. बी, खत, औषध, मजुरी, आणि तुझे स्वतःचे दिवससुद्धा, तेही लिही. जुलैत दोन्हीकडे फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा खणून गांडुळं मोज आणि आकडा लिही. दिवाळीला नवरा आला की वही त्याच्या पुढ्यात ठेव. उजव्या पानावर काय उरलं तेही प्रामाणिकपणे लिही. कदाचित पहिल्या वर्षी उजवं पान जास्त दाखवेल.

शेवटी, घेईल कोण. पुणे-मुंबई डोक्यातून काढ. एका एकराचा उडीद आणि अर्ध्या एकराची दादर, त्यातलं घरचं वर्षाचं बाजूला काढल्यावर विकायला उरेल ते काही पोती. त्यासाठी पुण्याचा व्यापारी तुझ्या दारात येणार नाही, आणि आलाच तर भाव तो सांगेल. तुझं गिऱ्हाईक तुझ्या नवऱ्याच्या शेजारी राहतं. उधना, लिंबायत, तिकडच्या चाळी खानदेशी माणसांनी भरलेल्या आहेत. त्यांना गावाकडची दादर मिळत नाही, कळण्याचं पीठ मिळत नाही, सासूच्या हातच्या बिबड्यांची, त्या ज्वारीच्या पापडांची, आठवण येत असते. वीस घरं धर. नवऱ्याला म्हण, आधी विचार, मग पोतं पाठवते. अमळनेरला गाडीत चढवलेलं पोतं उधन्याला उतरतं. नवऱ्याला शेतीत ओढायचं तर तेही याच वाटेने. नुसतं धान्य विकण्यापेक्षा गटातल्या बायांनी उन्हाळ्यात उडदाचे पापड आणि बिबडे केले तर पैसा जास्त सुटतो. पण पीठ-पापड पाकिटात घालून विकायचे तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या.

पाकिटावर 'सेंद्रिय' लिहू नकोस अजून. त्याला प्रमाणपत्र लागतं, आणि हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं बदलाचा काळ धरतात, फळबागेला तीन. एकटीने बाहेरच्या संस्थेकडून प्रमाणपत्र घेणं परवडत नाही. त्यापेक्षा पीजीएस नावाची पद्धत आहे, किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा आणि एकमेकांच्या वावराची तपासणी एकमेकांनी करायची. तुझ्या बचत गटात अजून चार जणी एकेक तुकडा काढायला तयार आहेत का ते बघ. ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात एकदा जाऊन ये, माती तपासून घे. तालुक्याच्या कृषी कार्यालयात नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानातले गट कुठे चाललेत ते विचार, केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते मंजूर केलंय. पण अनुदानाच्या भरवशावर ड्रम आणू नकोस. तोवर गिऱ्हाइकाला सरळ सांग, 'या वावरात या मृगापासून खत-औषध नाही, त्याआधी होतं.' आमच्याकडे पहिली सहा घरं अशा बोलण्यावरच धरली गेली आणि त्यातली चार अजून आहेत. एक घर भाव जास्त म्हणून गेलं, एकाला दादरीत किडा सापडला. औषध नसलेल्या धान्यात किडा होणारच. नीट कडकडीत वाळव, कोठीत निंबाचा पाला घाल, आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेव.

पत्र लांबलं. एक राहिलंच. मागच्या भादव्यात आबा ज्या औषधाने पडले ती बाटली अर्धी शिल्लक असेल, आणि मला नक्की माहीत आहे ती कुठे आहे, गोठ्याच्या वळचणीला खोचलेली. ती आज काढ. नाल्यात नाही, उकिरड्यावर नाही, विहिरीच्या आसपास तर नाहीच. कुलपाच्या पेटीत ठेव आणि किल्ली तुझ्याकडे. तुझा मुलगा सहा वर्षांचा आहे, वळचण त्याच्या हाताला लागायला आता एक बादली पालथी घालायचाच अवकाश आहे.

तुझी,
माई